ब्लास्टरसाहेब

आवाज चढवून बोलणारा ब्लास्टर मला अजून भेटायचा आहे. खाणीवरचा मुकादम ओरडतो, डंपरवाला हॉर्नवरचा हात काढत नाही, खडीचं क्रशर तर बोलूनचालून क्रशरच. पण ज्याच्या एका बटणावर समोरचा आख्खा कडा उभा असतो तो माणूस इतक्या हळू बोलतो की दोनदा विचारावं लागतं. अंगात सुती शर्ट, कारण नायलॉनच्या कापडावर स्थिर वीज साचते. खिशात पेन आहे, काडेपेटी नाही. मोबाईल बंद करून लांब जीपमध्ये ठेवलेला, कारण डेटोनेटर हाताळताना तो जवळ बाळगायचा नसतो. भर दुपारी दोन-दोन तास फोन बंद ठेवूनही बायकोला ज्याचा संशय येत नाही, असा महाराष्ट्रातला हा बहुधा एकटाच नवरा.

याला धडाड्धूमची आवड असणार, असा लोकांचा समज असतो. लग्नात कुणीतरी हटकून विचारतं, "काय साहेब, मोठा बार कधी?" साहेबांचा चेहरा पडतो. आवाज हा त्याच्या लेखी खर्च आहे. जी ताकद कानापर्यंत आली ती दगडात कामाला आली नाही, एवढं साधं गणित. चांगला बार कसा असतो ते तो हाताने दाखवतो: खडक जागच्या जागी जरासा उचलला जातो, अंगभर भेगाळतो आणि पायाशी येऊन बसतो. "धप्प," तो म्हणतो, आणि हे अक्षर उच्चारताना त्याचे डोळे मिटतात. सुतळी बॉम्ब त्याला असभ्य वाटतो. सिनेमात मागे गाडी उडते आणि हिरो वळूनही न बघता चालत येतो, तिथे बाकीचे शिट्ट्या मारतात. हा मात्र मान डोलावतो. "पळत नाहीये, चालतोय, हे बरोबर आहे. वात पेटवली की कधी पळायचं नाही. पळणारा पडतो. पण याचं हेल्मेट कुठंय?"

तरुणपणी त्याने विहिरी केल्या. रब्बी निघाली की हंगाम सुरू, तो पाऊस पडेपर्यंत. वर माती, खाली मुरूम, तिथवर कुदळ-फावडं चालतं. मग काळा पाषाण लागतो आणि शेतकऱ्याला ब्लास्टर आठवतो. तोवर त्याचे पैसे संपत आलेले असतात आणि धीर त्याच्याही आधी संपलेला असतो.

"दोन कांड्या जास्ती टाका की हो. एकदाच होऊन जाऊ द्या."

"पाटील, दगड तुमचा हाय, पण पत्रा शेजाऱ्याचा हाय."

त्या काळात वातीचे बार असत. ही सुरक्षित वात १८३१ साली विल्यम बिकफर्ड नावाच्या इंग्रजाने शोधली, आणि तो धंद्याने चामड्याचा व्यापारी होता, हे ब्लास्टर आजही दाद दिल्यासारखं सांगतो. मीटरभर वात जळायला शंभर-सव्वाशे सेकंद लागतात. बारा वाती पेटवायच्या, दोराला धरून विहिरीबाहेर यायचं, लांब जाऊन आडोशाला बसायचं आणि मोजायचं. एक. दोन. तीन. शेतकरी चहा पुढे करतो, पोरं टाळ्या पिटतात, हा मोजतोय. अकरा झाले आणि पुढे काही आलं नाही, तर जगातली कुठलीही घाई त्याला तिथून हलवू शकत नाही. निदान अर्धा तास. त्यानंतरही न उडालेल्या होलमधला माल उकरून काढायचा नाही. शेजारी, निदान तीस सेंटिमीटर सोडून, समांतर होल मारून तो नव्याने उडवायचा. इतरांच्या बोलण्यात फुसका बार ही चेष्टा असते. तो हे दोन शब्द ऐकले की चपला काढून बसतो, म्हणजे उठायची घाई होऊ नये.

ही सवय घरी आली. कुकरच्या शिट्ट्या तो मोजतो. एकदा चौथी शिट्टी झालीच नाही, तर सगळ्यांना स्वयंपाकघराबाहेर काढून दाराशी खुर्ची टाकून बसला. सूनबाईंनी गॅस संपल्याचं आतूनच सांगितलं होतं. "मान्य," तो म्हणाला, "तरी अर्धा तास."

पुढे तो मोठ्या खाणीवर गेला. तिथली विद्या निराळी. होल किती खोल, दोन होलांत अंतर किती, पहिली रांग कड्याच्या तोंडापासून किती आत, हे सगळं कागदावर येतं. सगळे होल एकदम उडवत नाहीत. रांगेरांगेत काही मिलिसेकंदांचं अंतर ठेवतात. का, ते तो पंगतीवरून समजावतो: पुढची पंगत उठून जागा झाल्याशिवाय मागची बसवली तर लोक एकमेकांच्या पानात पडतात, आणि जागा न मिळालेला दगड आभाळात जातो. मात्र होलच्या तोंडाशी ठासणी करण्याची वेळ आली की साहेब स्वतः वाकतो. दांडका लाकडाचाच हवा. १८४८ मध्ये अमेरिकेत व्हरमाँटला रेल्वेच्या कामावर फिनियस गेज नावाचा मुकादम लोखंडी पहारीने ठासत होता. ठिणगी पडली आणि मीटरभराची ती पहार गालातून शिरून कवटीतून बाहेर गेली. माणूस वाचला, पण स्वभाव पार पालटला म्हणतात. मेंदूच्या अभ्यासकांनी त्या गेजवर आजवर पुष्कळ लिहिलं. ब्लास्टरला त्यातला पहारीपुरता मजकूर पुरेसा आहे.

खडकापेक्षा अवघड असतात बघे. उघड्या खाणीत पाचशे मीटरचा धोक्याचा टापू रिकामा करायचा असतो. लाल झेंडे लागतात, भोंगा होतो, आणि बरोबर त्याच वेळी गावाला त्या रस्त्याने काम निघतं. मोटरसायकलवाला म्हणतो, "दोन मिनिटांत जातो." एक बुजुर्ग म्हणतात, "आम्ही लई बार पाहिलेत," आणि पुरावा म्हणून जागा सोडत नाहीत. एक आजी सगळ्यांबरोबर गुमान मागे जातात आणि शेवटचा भोंगा व्हायच्या बेताला सांगतात की त्यांची शेळी झेंड्याच्या आत, बाभळीला बांधली आहे. सगळं थांबतं. पन्नास होल भरून तयार, मालक घड्याळ बघतोय, आणि सरकारी प्रमाणपत्र असलेला हा गृहस्थ बाभळीची गाठ सोडतोय. शेळी येत नाही. तिला तो ओरडतसुद्धा नाही.

बार झाल्यावर तक्रारी येतात. भिंतीला तडा गेला. इथे ब्लास्टरचा डॉक्टर होतो. कामाआधीच त्याने वस्तीतल्या प्रत्येक भिंतीचे फोटो काढलेले असतात, तरी तो प्रत्यक्ष जातो, विजेरी लावतो, तड्यात फुंकर घालतो.

"ताई, बार काल झाला. या तड्यात कोळ्याचं जाळं आहे, आणि जाळ्यात कोळ्याची नातवंडं आहेत."

जमिनीच्या हादऱ्याला खाण सुरक्षा महासंचालनालयाची मर्यादा आहे: साध्या घराजवळ, कंपन आठ हर्ट्झच्या खालचं असेल तर, सेकंदाला ५ मिलिमीटर. जुन्या ऐतिहासिक इमारतीला फक्त २. हे आकडे तो यंत्राच्या कागदावर दाखवतो आणि वर सांगतो की हेच यंत्र तुमच्या मिरवणुकीतल्या डीजेसमोर लावू या. त्यावर गाव गप्प होतं, कारण डीजे सरपंचांच्या मेहुण्याचा असतो. या धंद्यामुळे त्याची नजर मात्र बिघडली आहे. पुतणीसाठी स्थळ बघायला गेला, तर मुलाचा पगार विचारायचं राहून गेलं, तुळईखालचा तिरका तडा बघून आला आणि गाडीत म्हणाला, "पाया खचतोय. घाई नको."

या सगळ्या नेमस्तपणात एकाच विषयावर तो फुगतो: कोयना. १३ मार्च १९९९ ला तिथल्या वीजप्रकल्पाच्या चौथ्या टप्प्यासाठी शिवसागर जलाशयाला खालून भोक पाडलं. धरण रिकामं न करता, तळाखालून बोगदा खणत आणायचा, शेवटी थोडा खडक बुचासारखा शिल्लक ठेवायचा आणि तो एका बारात उडवायचा, की वरचं पाणी आपोआप बोगद्यात उतरतं. नॉर्वेत मुरलेलं हे तंत्र आशियात पहिल्यांदा इथे झालं, आणि २५ एप्रिल २०१२ ला पुन्हा. सगळा पराक्रम पाण्याखाली, बघणाऱ्याला फारसं काही दिसत नाही. ब्लास्टरच्या दृष्टीने कलेची परमावधी. "मी तिथं होतो," असं सांगणारे ब्लास्टर मला इतके भेटलेत की ते सगळे खरंच आले असते तर त्यांच्याच वजनाने बूच बसलं असतं.

त्याचं तीर्थक्षेत्र नागपूर. स्फोटकांच्या परवान्यांचं मुख्य कार्यालय तिथं आहे, आणि १८८४ च्या कायद्याखाली त्याच्या आयुष्यातला एकेक डेटोनेटर वहीत उतरलेला आहे: आवक, वापर, शिल्लक. डेटोनेटर आणि माल एका पेटीत, एका गाडीत न्यायचे नाहीत, हा नियम तर त्याच्या रक्तात गेला आहे. कुठल्याही लग्नाला निघताना दोन्ही मावश्यांना तो वेगवेगळ्या गाड्यांत बसवतो. कारण विचारलं तर म्हणतो, "रस्ता खराब आहे."

मागच्या वर्षी त्याच्या छातीत कळ आली. डॉक्टरांनी जिभेखाली ठेवायची गोळी लिहून दिली. त्याने चष्मा लावून वेष्टन वाचलं आणि घाम पुसला. नायट्रोग्लिसरीन. जुन्या कांड्यांत हेच असायचं. हाताला लागलं तरी दिवसभर डोकं ठणकायचं. २००४ पासून आपल्याकडे ती जात बंद झाली, तेव्हा त्याने सुटकेचा श्वास टाकला होता. डॉक्टरांनी त्याला धीर दिला की डायनामाइटवाल्या नोबेललाही १८९६ मध्ये हृदयासाठी हेच औषध सांगितलं होतं आणि त्यालाही त्याचं नवल वाटलं होतं. साहेबाने विचारलं, "साठवण कशी करायची?"

आता बाटली एका कपाटात, देवाची काडेपेटी दुसऱ्या खोलीत. शंभर पानी वहीत आवक ३०, वापर १, शिल्लक २९, खाली साक्षीदार म्हणून बायकोची सही. परवा संध्याकाळी शिल्लक एकाने कमी भरली. घरभर शोध झाला, पाहुण्यांच्या चपलासुद्धा झटकल्या. शेवटी नातवाला ती गोळी पलंगाखाली दिसली. तो हात घालणार तोच साहेबाने त्याला मागे ओढलं, खोलीबाहेर नेलं, दार लोटलं आणि चपला काढून घड्याळ लावलं.