नकाशेबुवा

नकाशेबुवांच्या घरी चहाच्या आधी लामायुरू येतं. पाहुणा सोफ्यावर टेकतो न टेकतो तोच बुवा त्याला दारच्याला उतरवतात, ओढे ओलांडायला लावतात, शिंकू लावर चढवतात, आणि काकू पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर येईपर्यंत बिचारा पदुमच्या मुक्कामी पोचलेला असतो. दारचा ते लामायुरू म्हणजे हिमाचलातल्या लाहौलमधून निघायचं, अख्खं झंस्कार पायाखाली घालायचं आणि लडाखात लेह-कारगिल रस्त्याला लागायचं. अठरा-वीस दिवसांची चाल. वाटेत शिंकू ला ५०९१ मीटरवर, पुढे सिंगे ला, तोही पाच हजारांच्या घरातला. तिकडे खिंडीलाच ‘ला’ म्हणतात, त्यामुळे ‘शिंकू ला खिंड’ असं बोलून गेलात तर पोहे परत आत जाण्याची शक्यता असते.

बुवा वर्षानुवर्षं या ट्रेकची तयारी करताहेत. गेलात का, हा प्रश्न त्या घरात विचारायचा नसतो.

हे आमचे साताऱ्याचे. पण डोंगराचं वेड असलेल्या प्रत्येक गावात एक नकाशेबुवा असतोच. कुणी रूपकुंड आखतो, कुणी अन्नपूर्णा सर्किट. डोंबिवलीच्या एका बुवांनी तर नेपाळचा अख्खा ग्रेट हिमालया ट्रेल आखायला घेतलाय, म्हणजे त्यांची शंभरीपर्यंतची सोय झाली. खुणा ठरलेल्या. घराच्या किल्ल्या कॅरॅबिनरला अडकवलेल्या. लग्नाला जातानाही सहा खिशांची पँट. मंगल कार्यालयात शिरल्यावर वधूवरांच्या आधी मनगटावरच्या घड्याळात तिथली उंची बघणार. कुणी ‘यंदा केदारनाथ केलं’ म्हणालं की लगेच, ‘अक्लमटायझेशनला किती दिवस दिलेत?’ समोरचा म्हणतो, ‘घोड्यावरून गेलो हो.’ यावर बुवा ज्या नजरेने बघतात, त्या नजरेने आमच्याकडे फक्त जातपडताळणीचे कारकून बघतात.

बुवांच्या जेवणाच्या टेबलावर काचेखाली झंस्कारचा नकाशा आहे. ऑलिझान या स्विस प्रकाशनाचा, दीड लाखास एक प्रमाणाचा. काच नंतर बसली, नकाशा आधीपासून होता, त्यामुळे फोटोक्सरच्या जरा अलीकडे आमटीचा एक थेंब कायमचा वाळलाय. नवख्याला तो तलाव वाटतो. काकूंनी एकदा तो पुसायचा प्रयत्न केला तेव्हा बुवा ओरडले, ‘अगं, सिंगे ला जाईल!’

नकाशा हा झाला देव्हारा. खरी पूजा चालते ती एक्सेलमध्ये. त्या फायलीत पानांमागून पानं: खर्च, वजन, जेवण, औषधं, दिवसागणिक चढउतार. सगळ्यात जाडजूड पान ‘जर-तर’चं. घोडा आजारी पडला तर. घोडेवाला आजारी पडला तर. दोघंही पडले तर. पुलाची फळी निसटली तर. प्रत्येक ‘जर’समोर ‘तर’ भरलेला. एकच ‘जर’ त्यात नाही: आपण खरंच निघालो तर.

आणि हा माणूस थापाड्या मुळीच नाही, हे सांगितलंच पाहिजे. त्याचा अभ्यास अव्वल आहे. हिमनदीच्या पाण्याचे ओढे सकाळीच ओलांडायचे, कारण दुपारी ऊन तापलं की वरचं बर्फ वितळून पाणी मांडीपर्यंत येतं, हे बुवांना तोंडपाठ. तीन हजार मीटरच्या वर गेलं की रात्रीच्या मुक्कामाची उंची दिवसाला पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, दर तीन-चार दिवसांनी एक दिवस बसून काढायचा, डोकं दुखायला लागलं तर वर जायचं नाही आणि दुखणं वाढलं तर मुकाट्याने खाली यायचं, हे त्यांनी आमच्या इतकं डोक्यात भरलंय की महाबळेश्वरला डोकं दुखलं तरी आमच्यातले दोघं वाईला उतरतात.

कुकरचा वाद मात्र अजून मिटलेला नाही. उंची दर तीनशे मीटरने वाढली की पाण्याचा उकळबिंदू साधारण एका अंशाने उतरतो. साडेचार हजार मीटरवर पाणी ८५ अंशांच्या आसपासच उकळायला लागतं. दिसतं खळखळा, पण तूरडाळ त्यात तासन्‌तास पोहत राहते आणि टणक ती टणकच. म्हणजे कुकर हवा. कुकर म्हणजे वजन. एका बैठकीत मूगडाळीवर तडजोड झाली. पुढच्या बैठकीत एकाने ‘कुकर न्या, पण शिटी ठेवा’ असं सुचवलं. शिटीचं वजन काढण्यासाठी बुवा सोनाराच्या दुकानात गेले, कारण घरचा काटा पाच ग्रॅमच्या खाली बोलत नाही. सोनाराने शिटी काट्यावर ठेवली, आकडा सांगितला आणि विचारलं, ‘मोडायची आहे का?’

वजनाचं वेड एकदा लागलं की घरादाराला भोवतं. टूथब्रशचा दांडा अर्धा कापला तर आठेक ग्रॅम वाचतात, असं बुवांनी कुठेतरी वाचलं. आधी सराव म्हणून त्यांनी घरातले सगळे ब्रश कापले. काकू आजही चिमटीत ब्रश धरून दात घासतात. दुसरीकडे, जेवणाच्या पानावर कंदी पेढे दीड किलो आहेत. एनर्जी बारला साताऱ्याच्या माणसाने पैसे मोजायचे म्हणजे पूर्वजांचा अपमान, यावर बुवा ठाम आहेत, आणि या बाबतीत माझाही त्यांना पाठिंबा आहे.

सराव अजिंक्यताऱ्यावर. गड गावापासून जेमतेम तीनशे मीटर वर, म्हणजे शिंकू लाच्या उंचीच्या मानाने उंबरठाच. पण बुवा पहाटे सॅकमध्ये बारा किलो तांदूळ भरून चढतात. पाण्याच्या बाटल्या भरल्या तर मोह होतो, वाटेत पिऊन वजन कमी करता येतं. तांदूळ कुणी कच्चे खात नाही, हा त्यामागचा विचार. एकदा मंगळाईच्या देवळापाशी सॅक सोडून ते तांदळाच्या पिशव्या नीट लावत होते, तर दर्शनाला आलेल्या एका आजींनी पदर पसरला, ‘शिधा वाटताय व्हय?’ बुवांना नाही म्हणवेना. त्या दिवशी ते चार किलो हलके होऊन उतरले, आणि तेवढा सराव कमी पडला म्हणून दुसऱ्या दिवशी दोनदा चढले.

काकूंचा या सगळ्याशी संबंध विचाराल तर त्या एखादाच प्रश्न विचारतात, पण तो वर्मी लागतो. बुवांचं दैवत आहे चोमा द कोरोश. हा हंगेरियन विद्वान १८१९ साली ट्रान्सिल्व्हेनियातून निघाला, बराचसा पायी चालत १८२२ मध्ये लडाखात पोचला. निघाला होता हंगेरियन लोकांचं मूळ शोधायला. ते राहिलं बाजूला. झंस्कारमधल्या झांगलाला आणि फुकतालच्या मठात लामांजवळ बसून तो तिबेटी शिकला, आणि १८३४ मध्ये कलकत्त्याला त्याचा तिबेटी-इंग्रजी शब्दकोश छापून आला. झांगलाच्या हिवाळ्यात बिनविस्तवाच्या इवल्याशा खोलीत मेंढीचं कातडं पांघरून तो महिनोन्‌महिने बसला होता. बुवा हे सांगताना हळवे होतात. एकदा सांगून झालं, क्षणभर सगळे गप्प, आणि काकू शेंगा सोलता सोलता म्हणाल्या, ‘अहो, पण त्याच्याकडे रेनकव्हर कुठल्या कंपनीचं होतं?’

बैठका दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी. हजेरी मोठी, कारण काकूंच्या हातची भजी. ट्रेक म्हटलं की पहिल्या बैठकीत चौदा जण तयार असतात. त्यातले पाच ‘नक्की’, चार ‘जवळजवळ नक्की’, तिघं ‘घरी विचारून सांगतो’ आणि दोघं भज्यांना. एकजण दर वेळी विचारतो, ‘शनिवार-रविवारात बसवता येईल का?’ दुसऱ्याला वाटेत चहा मिळतो का, एवढंच हवं असतं. बुवा शांतपणे सगळ्यांची नावं, रक्तगट आणि बुटांचे नंबर लिहून घेतात. पुढच्या बैठकीला नावं बदललेली, बुटांचे नंबर तेच.

मग तारीख. इथे खरी मेख आहे. झंस्कार पर्जन्यछायेत, तिथला हंगाम जुलै ते सप्टेंबर. नेमका आपल्याकडे श्रावण. बुवांचे सोमवार असतात. त्यामुळे जेवणाच्या पानावर ‘उपवास’ असा वेगळा रकाना आहे आणि त्यात साबुदाण्याचं वजन. शिवाय गणपतीला घरी परत आलंच पाहिजे, आणि गणपती दर वर्षी जागा बदलतात. या सगळ्यातून फट काढून बुवा गोवा एक्सप्रेसची तिकिटं काढतात. साताऱ्याहून थेट निजामुद्दीन. ती तिकिटं पुढे रद्द होतात. कापून घेतलेल्या पैशांना काकू ‘रेल्वेचा हप्ता’ म्हणतात.

रद्द होण्याची कारणं मात्र एकेक अस्सल. २०१० च्या ऑगस्टमध्ये लेहला ढगफुटी झाली. २०१५ च्या मे महिन्यात फुकतालच्या नदीत दरड कोसळून साचलेला तलाव फुटला, वाटेवरचे पूल गेले. २०२० चं सांगायला नको. त्या वर्षी तर बुवा सर्वांत आनंदात होते, कारण पहिल्यांदाच सगळं जग त्यांच्यासारखं घरी बसून प्रवास आखत होतं.

पण मनाला लागलं ते २०२३. त्या वर्षी अधिक श्रावण आला. गणपती थेट १९ सप्टेंबरला. एवढी मोठी फट बुवांना उभ्या आयुष्यात मिळाली नव्हती. अठरा दिवसांचा ट्रेक, चार दिवस राखीव, जाऊन-येऊन आठवडा, वर सामान धुऊन वाळत घालायला दोन दिवस, सगळं आरामात बसलं. बुवांनी फाइल काकूंपुढे ठेवली. काकूंनी चष्मा लावला, तारखा पाहिल्या आणि म्हणाल्या, ‘हा धोंड्याचा महिना आहे. जावई पहिल्यांदा वाणाला येतोय. तुम्ही अनारशांचं पीठ दळून आणा.’ ‘जर-तर’च्या पानावर भूस्खलन होतं, हिमवादळ होतं, घोड्याच्या पोटदुखीवर औषध होतं. जावई नव्हता.

याच्या आदल्या वर्षीच आमच्या ग्रुपातली दोन पोरं जाऊन आली होती. विचारलं नाही, सांगितलं नाही. बुवांच्या फायलीची छापील प्रत आणि नकाशाची रंगीत झेरॉक्स घेतली, मनालीची बस धरली आणि चालायला लागली. काही टप्प्यांवर नव्या रस्त्याची धूळ खात चालावं लागलं म्हणे, पण बाकी सगळं फायलीत होतं तसंच. कुठला ओढा किती वाजता ओलांडायचा, कारग्याकच्या अलीकडे गोन्बो रंगजोनचा तो एकटा उभा कडा कुठल्या वळणावर दिसतो, सगळं बरहुकूम. फक्त फोटोक्सरच्या अलीकडचा तलाव त्यांना सापडला नाही. अर्धा दिवस शोधला बिचाऱ्यांनी.

पोरं फोटो घेऊन आली तेव्हा आम्हाला धाकधूक होती. बुवांनी फोटो मोठे करून करून पाहिले. मत्सराचा लवलेश नाही. ‘हा तंबू चुकीच्या जागी लावलाय,’ ते म्हणाले. ‘रात्री वारा इकडून येतो.’ पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. दुसऱ्या रात्री तंबू उडाला होता, ते त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

मार्च २०२४ मध्ये सीमा सडक संघटनेने निमू-पदुम-दारचा हा २९८ किलोमीटरचा रस्ता जोडून टाकला. जुलैमध्ये शिंकू लाखालच्या बोगद्याचा पहिला सुरुंगही उडाला. खरं तर यात आनंद मानायला हवा. हिवाळ्यात बर्फाने कोंडलेल्या झंस्कारी माणसाला दवाखान्यात न्यायचं तर पूर्वी काय हाल होत, हेही बुवांनीच आम्हाला सांगितलेलं. त्यामुळे ते रस्त्याला एक शब्द वाईट बोलले नाहीत. फक्त आठवडाभर अजिंक्यताऱ्यावर दिसले नाहीत. वर त्याच वर्षी नोव्हेंबरपासून रेल्वेने आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० वर आणली. ‘दोन महिन्यांत माणसाने काय आखायचं?’ हे मात्र ते बोलून दाखवत होते.

परवाच्या बैठकीत त्यांनी सगळ्यांसमोर दारच्याच्या घोडेवाल्याला फोन लावला. हा त्यांचा कितीतरी वर्षांचा फोनमित्र; एकमेकांच्या मुलाबाळांची नावं ठाऊक, तोंड कधी पाहिलेलं नाही. फोन मुलाने उचलला. स्पीकर चालू होता.

‘अंकलजी, पिताजी ने घोड़े बेच दिए. अब अपनी गाड़ी है. दारचा से पदुम एक दिन में छोड़ दूँगा.’

कुणी भज्याला हात लावला नाही. बुवा नकाशाकडे बघत होते. मग त्यांनी घसा खाकरला.

‘गाडी का ग्राउंड क्लिअरन्स कितना है?’

त्याने सांगितलं. बुवांनी लिहून घेतलं. छतावर किती किलो बसतं, टायर कधी बदलले, स्टेपनी आहे का, चढावर इंजिन तापतं का, सगळं विचारून घेतलं. पोरगा सगळ्याला छान उत्तरं देत होता. शेवटी त्यानेच विचारलं, ‘कितने लोग हैं आप?’

बुवांनी मान वर करून आमच्याकडे पाहिलं. आम्ही सगळे खाली फोटोक्सरकडे बघायला लागलो.

‘कन्फर्म करके बताता हूँ,’ बुवा म्हणाले. फोन ठेवला, लॅपटॉप पुढे ओढला, ‘जर-तर’चं पान उघडून तळाशी नवी ओळ घातली: गाडी बंद पडली तर. आणि शेजारच्या रकान्यात टाइप केलं: घोडे.