कमरेच्या दोरास अनावृत पत्र

प्रति,
श्री. दोर,
मुक्काम गोठ्यातली खुंटी,
जिल्हा अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर)

महोदय, स. न. वि. वि.

पत्रास कारण की, एका अत्यंत सोयीस्कर समजुतीत आपण विनाकारण लुडबूड केली आहे. ९ एप्रिल २०२४ रोजी, ऐन गुढीपाडव्याला, नेवासे तालुक्यातल्या वाकडी गावात एका जुन्या, वापरात नसलेल्या विहिरीत मांजर पडलं. त्या विहिरीत शेणाची स्लरी साठवलेली होती. मांजर काढायला एक जण उतरला, तो वर येईना म्हणून त्याच्यामागे दुसरा, असं करत पाच जण गेले आणि पाचही जण दगावले. सहावाही उतरला होता. तो वाचला. त्याच्या कमरेला आपण होतात. आपण नसतात तर सगळं रीतसर पार पडलं असतं. काळ आला होता, दैवापुढे कोणाचं चालतं, मुक्या जिवासाठी प्राण वेचले, अशा तीन वाक्यांत विषय मिटला असता आणि कोणालाच काही करावं लागलं नसतं. आपण मात्र तिथे हजर राहून दाखवून दिलंत की पाच आणि एक यांच्यातलं अंतर दैवाचं नव्हतं, काही हात लांबीच्या दोराचं होतं. असा साक्षीदार कोणाला आवडेल?

आपला हा आगाऊपणा जुनाच आहे म्हणा. १९४८ च्या कारखाने अधिनियमातही आपण शिरला आहात, थेट कलम ३६ मध्ये. ज्या टाकीत, खड्ड्यात किंवा बंदिस्त जागेत घातक वायू असण्याचा संभव आहे तिथे माणसाला उतरवू नये. उतरवायचंच झालं तर जाणकाराने स्वतः तपासणी करून लेखी दाखला द्यावा, नाहीतर उतरणाऱ्याने श्वसनयंत्र लावावं, पट्ट्याला दोर पक्का बांधावा आणि त्या दोराचं मोकळं टोक बाहेरच्या माणसाच्या हातात असावं, असा त्या कलमाचा आशय. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो कायदा २०२० च्या नव्या श्रमसंहितेत विलीन झाला. पण सत्याहत्तर वर्षं देशाच्या कायद्यात दोराचं एक टोक बाहेरच्या माणसासाठी राखून ठेवलेलं होतं. माझी आपल्याविषयीची खरी तक्रार इथूनच सुरू होते. आपण स्वतः स्वस्त आहात, बाजारात कुठेही मिळता, घरोघरी गुरांच्या गळ्यात असता. आपलं ते मोकळं टोक मात्र फार महाग पडतं. ते धरायला एक माणूस लागतो आणि त्या माणसाने बाकी काहीच करायचं नसतं. तो पोतं उचलत नाही, नळी धरत नाही, चहासुद्धा आणून देत नाही. नुसता उभा राहतो, आत बघतो, हाक मारतो. ठेकेदाराच्या हजेरीपटावर अशा माणसाचा दिवस कुठल्या खात्यात दाखवायचा? उतरणाऱ्याची मजुरी कामात धरता येते. न उतरणाऱ्याची मजुरी म्हणजे निव्वळ उधळपट्टी, आणि म्हणून खर्च कमी करायचा झाला की पहिल्यांदा तोच माणूस गळतो. दोर राहतो, खुंटीवर.

आता सुज्ञ लोक म्हणतील, आपलं माणूस डोळ्यांदेखत खाली कोसळतं तेव्हा कोण दोर शोधत बसतं? आक्षेप खरा आहे. अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा संशोधन संस्थेने १९८६ मध्ये इशारा दिला होता की बंदिस्त जागांतल्या मृतांपैकी साठ टक्क्यांहून अधिक लोक वाचवायला गेलेले असतात. म्हणजे वाकडीची विहीर जगावेगळी नव्हती. शेण हवेशिवाय कुजलं की मिथेन, कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतात. यातले शेवटचे दोन हवेपेक्षा जड, त्यामुळे वारा नसलेल्या खड्ड्यात ते तळाशीच बसून राहतात. वरची साय धरलेली स्लरी पायाने ढवळली गेली की कोंडलेला वायू एकदम सुटतो. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास येतो खरा, पण प्रमाण वाढलं की तो नाकाची वास घेण्याची शक्तीच मारून टाकतो. वास थांबला, म्हणजे आता ठीक आहे असं वाटतं, आणि नेमकं तेव्हाच काही ठीक नसतं. विहिरीत आधी कंदील सोडून बघायची जुनी रीतही इथे उपयोगाची नाही. विषारी वायू ज्योत न विझवता माणसाला विझवू शकतो, आणि मिथेन असेल तर तोच कंदील भडका उडवेल. काठावरून पाहणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही. त्याला फक्त आपला माणूस दिसतो, निपचित पडलेला, हाताच्या अंतरावर. त्याने उडी टाकली तर त्याला मूर्ख म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही.

पण म्हणूनच आपलं टोक आधी कोणाच्या तरी हातात द्यावं लागतं. संकटाच्या क्षणी माणूस धावणारच, हे गृहीत धरून केलेली व्यवस्था म्हणजे आपण. ज्याच्या हातात टोक आहे त्याला धावायला दुसरी दिशा मिळते: आत नव्हे, मागे, ओढत. जनजागृती करा, फलक लावा, असं म्हणणाऱ्यांच्या हे लक्षात येत नाही. फलक माणसाला सावध राहायला सांगतो. आपण माणसाला सावध राहण्याची गरजच कमी करता.

दुसरा आक्षेप कायद्याच्या पंडितांचा. वाकडीची विहीर हे कामाचं ठिकाण नव्हतंच, तिथे कोणी मालक नव्हता, कोणी कामगार नव्हता, मग कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेचा प्रश्न येतोच कुठे? बिनतोड मुद्दा. सहकारी साखर कारखानदारीचा पाया प्रवरानगरला ज्या जिल्ह्यात घातला गेला, जिथे दुधाच्या धंद्यावर गावंच्या गावं उभी आहेत, तिथे कारखान्याच्या कुंपणाच्या आतली मोलॅसिसची टाकी धोकादायक आणि कुंपणाबाहेर मैलभरावरचा स्लरीचा खड्डा निव्वळ घरगुती. हायड्रोजन सल्फाइडला हा फरक अजून कोणी समजावून सांगितलेला दिसत नाही. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचा निरीक्षक नागापूरच्या किंवा सुप्याच्या एमआयडीसीत जाऊ शकतो, गोठ्यामागे जाऊ शकत नाही. सरकार शेतकऱ्याच्या बाबतीत अगदीच उदासीन आहे असंही नाही. अपघातात शेतकरी दगावला तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या योजनेतून वारसाला दोन लाख रुपयांचं सानुग्रह अनुदान मिळतं. मेल्यावरचा दर ठरलेला आहे, त्याआधीच्या दोराची तरतूद तेवढी नाही. आणि कायद्याला बांध ओलांडता येत नाही म्हणावं, तर १९८३ मध्ये संसदेने धोकादायक यंत्रांचा कायदा करून मळणीयंत्राला हात घातलाच होता. हात आणि बोटं तुटलेली डोळ्यांना दिसत होती म्हणून असेल. वायूने गेलेल्या माणसाच्या अंगावर ओरखडाही नसतो.

तिसरा आक्षेप मालकांचा, आणि तो ऐकताना मला नेहमी त्यांची दया येते. आम्ही सगळं देतो, हातमोजे देतो, हेल्मेट देतो, पट्टा देतो, हे लोक वापरतच नाहीत. खरं आहे, पुष्कळदा वापरत नाहीत. पण हेल्मेट घालणं हा एकट्या कामगाराचा निर्णय असू शकतो. दोराचा कधीच नसतो. एका माणसाला आपला वापर करता येत नाही, आपल्याला निदान दोन माणसं लागतात. त्यामुळे कामगार दोर वापरत नाहीत या वाक्याचा मराठीत सरळ अर्थ, दुसरा माणूस दिलेला नव्हता, असा होतो. छोट्या वर्कशॉपवाल्याला, दहा गाईंच्या गोठेवाल्याला हे कसं परवडावं, हा प्रश्न मात्र थट्टेवारी नेण्यासारखा नाही. शिवाय आपल्या मर्यादाही मान्य करायला हव्यात. बेशुद्ध माणसाचं सत्तर किलो वजन एका हाताने खड्ड्यातून वर येत नाही. नुसता कमरेला आवळलेला दोर बरगड्या मोडू शकतो. खरं तर अंगभर बसणारा पट्टा हवा, तिकाटणं आणि कप्पी हवी, उतरण्याआधी वायू मोजायचं यंत्र हवं. प्रत्येक शेतकऱ्याने हे विकत घ्यावं म्हणणं हास्यास्पद आहे. पण विहिरीचा गाळ काढायची यारी तरी प्रत्येकाने कुठे विकत घेतलेली असते? ती भाड्याने येते, सोबत चालवणारी माणसं येतात. मग दूध संघाने, सोसायटीने किंवा साखर कारखान्याने असा एक संच आणि तो हाताळणारी दोन शिकवलेली माणसं पंचक्रोशीत ठेवायला हरकत काय? ज्या जिल्ह्याने सहकारातून साखर केली, त्याला सहकारातून दोर धरता येणार नाही, हे पटत नाही.

तोवर आपला सत्कार दरवर्षी ४ मार्चला होतोच. १९६६ मध्ये त्या दिवशी राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली, म्हणून आठवडाभर शपथा, घोषवाक्यं, रांगोळ्या. २०२४ चा सुरक्षा सप्ताह १० मार्चला संपला आणि तिसाव्या दिवशी वाकडीची विहीर घडली. सप्ताहाला दोष देण्यात अर्थ नाही, त्याच्या घोषवाक्यात मोकळ्या टोकाचा उल्लेख नसतो. मोकळं टोक शोधलं जातं ते अपघात झाल्यावर. ६ नोव्हेंबर २०२१ ला, भाऊबीजेच्या दिवशी, नगरच्या जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला आग लागून अकरा कोविड रुग्णांचा बळी गेला. त्याच वर्षी जानेवारीत भंडाऱ्यात दहा नवजात बालकं आगीत गेली होती आणि राज्यभर रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेच्या तपासणीचे आदेश निघाले होते. म्हणजे धोका माहीत होता, फर्मानही निघालं होतं. आग विझल्यावर काही अधिकारी निलंबित झाले आणि अटक चौघींना झाली: एक डॉक्टर, तीन परिचारिका. त्या दोषी की निर्दोष हे ठरवणं न्यायालयाचं काम. मला एवढंच दिसतं की आगीआधी जे टोक कोणाच्याच हातात नव्हतं, ते आगीनंतर तीन दिवसांत वॉर्डात हजर असणाऱ्यांच्या हातात सापडलं. रुग्णालय हेही कामाचंच ठिकाण, आणि परिचारिका तिथे खड्ड्यात उतरलेल्या असतात, काठावर नव्हे. काठावर उभं राहण्यासाठी नेमलेली माणसं त्या वेळी कुठे होती, हे विचारायला आपल्यासारखा बेअदब साक्षीदार तिथे हवा होता.

तरी आपणांस नम्र विनंती की, यापुढे एकट्याने कोणाच्या कमरेला जाऊ नये. जाण्यापूर्वी आपलं दुसरं टोक कोणाच्या हातात राहील, त्याचं नाव, हुद्दा आणि त्या दिवसाची त्याची मजुरी कोणत्या खात्यातून निघेल, हे लेखी कळवावं. उत्तर येईपर्यंत खुंटीवरच राहावं.

कळावे,
आपला,
काठावर उभा असलेला एक रिकामा माणूस

प्रत माहितीसाठी व योग्य त्या कार्यवाहीसाठी: खुंटी.