धूर का येत नाही?

टू-स्ट्रोक गाडीचा धूर हा तिच्या प्रकृतीचा दाखला असतो, हे फोर-स्ट्रोकवाल्यांना समजावण्यात अर्थ नाही. त्यांच्या गाडीनं धूर सोडला की ते गॅरेजकडे धावतात. आमच्या गाडीनं धूर सोडायचा थांबवला की आम्ही धावतो. माझ्याकडे यामाहा आरएक्स १०० आहे. १९८५ साली आलेली आणि १९९६ साली बंद झालेली. ९८ सीसी, ११ हॉर्सपॉवर, वजन १०३ किलो. एवढ्याशा जिवाला एवढी ताकद कुणी दिली हे कोडं तरुणपणी पडायचं. आता एवढ्याशा जिवाला एवढा खर्च कसा लागतो, हे पडतं.

आमच्या सोसायटीच्या चेअरमनकाकांनी ‘पार्किंगमध्ये धूर करणाऱ्या वाहनांबाबत’ अशी सूचना जिन्यापाशी कायमची लावली आहे. सूचनेत वाहनं अनेकवचनी आहेत; सोसायटीत धूर करणारं वाहन एकच आहे. तर एका सकाळी मी किक मारली, गाडी सुरू झाली, आणि काका चक्क हसतमुखानं पुढे आले.

“वा! गाडी सुधारली की हो! धुराचा पत्ता नाही. मनावर घेतलं की सगळं होतं.”

मी ताबडतोब इंजिन बंद केलं. काकांना वाटलं, मी कौतुकानं गहिवरलो.

गहिवरलो नव्हतो, घाबरलो होतो. फोर-स्ट्रोक इंजिनात तेल खाली साठून राहतं आणि तिथल्या तिथे फिरतं. टू-स्ट्रोकमध्ये ती सोय नाही, कारण पिस्टनच्या खालची जागा पेट्रोल-हवेच्या मिश्रणाच्या येण्याजाण्याची. त्यामुळे तेलही त्याच वाटेनं आत जायचं, बेअरिंगला आणि पिस्टनला चोपडलं जायचं, आणि शेवटी जळून सायलेन्सरमधून बाहेर पडायचं. तो निळसर धूर म्हणजे कामावरून सुटलेलं तेल. धूर नाही म्हणजे तेल कामावर आलेलंच नाही. आणि यातली दुष्टपणाची गोष्ट अशी, की तेल नसलं तरी गाडी पळते. कुरकुर नाही, खोकला नाही. मग कुठेतरी, शक्यतो मागून एसटी येत असताना, पिस्टन ब्लॉकला धरतो आणि मागचं चाक जाम होतं.

एवढ्यात काकांची नजर फरशीवर गेली. गाडीखाली भाकरीएवढा तेलाचा डाग.

“हे काय?”

“धूरच आहे काका. अजून जळायचा आहे.”

काकांचं हसू मावळलं. मी ऑइल पंपाचं झाकण उघडलं. ऑइलच्या टाकीतून पंपाकडे येणारी काळी जाड रबरी नळी, आणि पंपाकडून इंजिनाच्या श्वासाच्या वाटेकडे जाणारी बारीक पारदर्शक नळी. तेलाचा सगळा संसार या दोघींवर. जाडीला वरून बारीक भेगा पडल्या होत्या, पण ती तग धरून होती. बारकी मात्र पारदर्शक होती हे इतिहासात वाचावं लागेल अशी पिवळी पडलेली, आणि मी बोट लावलं तशी दुसऱ्या टोकालाही कट्ट करून तुटली. तुटलेल्या टोकाला एक थेंब लोंबत होता, पडू की नको असं करत.

गाडी नेहमी बघणाऱ्या मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी तुकडा पाहिला, कानामागची पेन्सिल काढली, पण लिहिलं काही नाही. “पंपच काढून टाकू ना साहेब. तोंडावर पत्री मारतो. टाकीत ऑइल मिसळायचं, विषय संपला.”

हा सल्ला अर्ध्या महाराष्ट्रानं मानला आहे. चेतक, लूना, येझदीवर वाढलेल्या पिढीला पेट्रोल पंपावर “दोन लिटर, ऑइल मारून” असं म्हणायची सवयच होती. लिटरला २० मिली म्हणजे पन्नासास एक, हे पाढे आम्हाला पावकीनिमकीच्याही आधी पाठ. पण यामाहानं १९६४ साली वायए-६ या गाडीवर ‘ऑटोल्यूब’ आणलं ते या हिशेबातून माणसाला सोडवायलाच. इंजिन फिरतं तसा पंप फिरतो, आणि शिवाय ॲक्सिलेटरच्या केबलला एक फाटा असतो तो पंपाला जातो. मूठ पिळली की पंपाचा दट्ट्या लांब मारतो, सोडली की आखूड. उभ्या गाडीला चमचाभर, घाट चढणाऱ्या गाडीला पोटभर. हे गणित मी चौकात सिग्नलला उभं राहून करू शकत नाही. मला पेट्रोल भरताना सुटे पैसे आठवत नाहीत, ऑइल काय आठवणार? पंपाला लग्नकार्य नसतं, पगाराची तारीख नसते. काढून टाकायचंच असेल तर दोघांतल्या कमी भरवशाच्याला काढावं, आणि तो पंप नव्हे.

मिस्त्री म्हणाले, “मग नाना पेठ गाठा.”

नाना पेठेत गाडीचा पार्ट मागताना आवाजात दम लागतो. नवखा ओळखू येतो. दुकानदारानं विचारलं, “ओरिजिनल देऊ का चालणारी?” मी स्वाभिमानानं ओरिजिनल म्हणालो. त्यांनी वरच्या फळीवरून धूळ झटकत एक पाकीट काढलं. शिक्का खरा, छपाई खरी, आणि आतली नळी माझ्या नळीइतकीच पिवळी. बसल्या जागी म्हातारी झालेली. प्लॅस्टिकला गाडीवर बसलं काय आणि पाकिटात बसलं काय, वय होतंच. जुन्या गाड्यांचा सीलबंद माल जिवापाड जपणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही. मी गुपचूप चालणारी घेतली: पेट्रोल-ऑइलला टिकणारी, आतून त्याच मापाची. शिवाय काळी नळी, तांब्याचे वायसर आणि चिमुकल्या स्प्रिंगच्या क्लिपा.

तोवर मिस्त्रींचा फोन. “नाही मिळाली तर सलाइनची नळी घ्या मेडिकलमधून. फर्स्ट क्लास बसते.” बसते हे खरं, पण ऑइल आणि उष्णतेपुढे ती लवकरच कडक पडते. तरी आणीबाणीला असू द्यावी म्हणून मी मेडिकलमध्ये शिरलो.

“पेशंटचं वय?” दुकानदार सहज विचारता झाला.

“तिशी उलटली.”

“काय होतंय?”

“तेल जात नाहीये.”

त्यांनी सेट दिला, आणि सोबत इसबगोलही सुचवलं.

नळी बसवणं तसं दहा मिनिटांचं काम. टोक गरम पाण्यात धरायचं, मऊ झालं की निपलवर रेटायचं, क्लिप चढवायची. खरा वेळ खाते ती हवा. पंपात किंवा नळीत हवा राहिली तर पंप इमानेइतबारे हवाच पाजत बसतो. म्हणून आधी पंपाचा हवा काढायचा स्क्रू सैल केला. फुगे आले, मग तेल, मग तेल संपलं असं वाटताना पुन्हा एक फुगा. तेलाची सलग धार लागल्यावर स्क्रू आवळला. उरली बारीक नळी. ती इंजिन चालवूनच भरावी लागते, आणि ती भरेपर्यंत इंजिन कोरडं राहू नये म्हणून पेट्रोलच्या टाकीतही तात्पुरतं ऑइल टाकलं. मिस्त्रींनी गाडी फुरफुरत ठेवली आणि पंपाची केबल बोटानं पूर्ण ओढून धरली. मी टॉर्च घेऊन उकिडवा बसलो. तेलाची सोनेरी रेघ पुढे सरकत होती आणि तिच्या मध्यात एक फुगा. हा फुगा म्हणजे निघतो निघतो म्हणणारा पाहुणा. वळणापर्यंत आला आणि तिथेच उंबऱ्यावर गप्पा मारत थांबला. मिस्त्रींनी नळीला टिचकी मारली. मंडळी हलली.

आता टाकीतलं ऑइल एकीकडून, पंप पूर्ण उघडा दुसरीकडून. दुप्पट तेलाचा व्हायचा तो परिणाम झाला. जिन्यापाशी लावलेली सूचना दिसेनाशी झाली. तिसऱ्या मजल्यावरून कुणीतरी अग्निशमनला फोन लावू का म्हणून विचारलं. मिस्त्री डोळे पुसत म्हणाले, “क्या बात है!” मीही खोकत खोकत होकार भरला. काका रुमाल नाकाला लावून आले, काहीतरी बोलले, पण सायलेन्सरपुढे ते ऐकू आलं नाही. आणि मी इंजिन बंद करण्याची घाई केली नाही.

राहिला तो सलाइनचा सेट. आम्ही गणपतीला गावी निघालो तेव्हा बायकोनं तो पाण्याच्या बाटलीला लावून तुळशीच्या कुंडीत सोडला, चाक फिरवून थेंब बारीक केला आणि बराच वेळ पाहत राहिली.

“अहो, हे किती सोपं आहे,” ती म्हणाली. “आणि याला धूरही येत नाही.”