डेमोपंत

डेमोपंतांना पेटी येत नाही, गिटार येत नाही, आणि घरात कित्येक वर्षं एकसष्ट पट्ट्यांचा कीबोर्ड असूनही त्यावर ‘सा’ कुठे धरायचा असं विचारलं तर ते म्हणतात, “मधे कुठेतरी असेल की!” पण ‘डेमो’चं बटण, म्हणजे जे दाबलं की कीबोर्ड आपलं आपण गाणं वाजवतो ते, कुठल्या मॉडेलला कुठे आहे, हे ते डोळे मिटून सांगतील. याला वरच्या कोपऱ्यात, त्याला रिदमच्या बटणांखाली, आणि त्या तिसऱ्याला वेगळं बटणच नाही, दोन बटणं एकदम दाबून धरावी लागतात. “लोकांना माहीतच नसतं हो,” पंत हळहळतात. “बिचारे उगाच वाजवत बसतात.”

असा एक गृहस्थ दर सोसायटीत असतो. बँकेतून नाहीतर वीज मंडळातून निवृत्त. कीबोर्ड त्याने स्वतःसाठी घेतलेला नसतो. मुलगा चौथीत पहिला आला म्हणून घेतलेला असतो. मुलगा दोन महिने क्लासला जातो, ‘हॅपी बर्थडे’पर्यंत पोचतो आणि मग स्कॉलरशिपची परीक्षा आडवी येते. पुढे तो इंजिनिअर होऊन परदेशी जातो आणि कीबोर्ड वडिलांच्या वाट्याला येतो. कॅसिओ म्हणायचं आपलं त्याला. आपल्याकडे यामाहाचासुद्धा कॅसिओच मिळतो.

पंतांकडे गेलात तर पोह्यांच्या आधी डेमो होतो. ते ठरलेलंच. आधी काकूंनी विणलेलं क्रोशाचं कव्हर निघतं. बटणांवरचं कंपनीचं पारदर्शक प्लास्टिक अजून शाबूत आहे, कडेने जरा पिवळं पडलंय एवढंच. मग अ‍ॅडॉप्टरची पिन दोनदा फिरवून बसवायची, आवाज निम्म्यावर आणायचा आणि पाहुण्याला पंख्याखालून उठवून ‘इथे नीट ऐकू येतं’ अशा खुर्चीत बसवायचं. पंत स्वतः बसत नाहीत. बटण दाबून हात पाठीमागे बांधून उभे राहतात.

“आता पियानो आहे. साधाच आहे, त्यावर जाऊ नका. मागून व्हायोलिनं येतायत बघा... आली. आता थांबा. थांबा हं. आत्ता ड्रम एक गिरकी घेणार आणि सॅक्सोफोन... हां! घ्या!”

सॅक्सोफोन येतो. पाहुणा “वा” म्हणतो. पंत त्या ‘वा’ला मान तुकवतात, जणू तो सॅक्सोफोन त्यांनीच फुंकला.

चेष्टा करणं सोपं आहे. पण पंतांच्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि ते मला त्यांच्या शेजारी राहिल्यामुळे कळलं. डेमो ही थट्टेची चीज नव्हे. “दुकानात गिऱ्हाईक किती वेळ उभं राहतं?” पंत विचारतात. “पंधरा सेकंद. तेवढ्यात वाद्याच्या पोटात काय काय आहे ते सगळं दाखवायचं. ख्यालाला अर्धा तास मिळतो हो, यांना पंधरा सेकंद!” म्हणून चांगला डेमो आलापीत रमत नाही. सुरुवातीलाच तंतुवाद्यं, पितळी वाद्यं, झांजा, सगळ्यांची हजेरी घेऊन टाकतो. त्यातून स्पीकर इवलासा, समोर रहदारी, शेजारच्या काउंटरवर कोणी गिटार जुळवतोय. एवढ्या गोंगाटात उठून दिसेल असं काही बांधणारा माणूस लेचापेचा नसतो. खोक्यावर मात्र त्याचं नाव शोधून सापडत नाही.

आणि मग पंतांचं मुख्य प्रमेय. ते ऐकल्यावर आमच्या सोसायटीतले कीबोर्ड शिकवणारे सरही गप्प झाले होते. स्वस्तातल्या कीबोर्डच्या पट्ट्यांना हाताचा जोर कळत नाही. हळुवार दाबा नाहीतर बुक्की मारा, आवाज एकाच मापाचा. पण आतल्या यंत्राला जोर कळतो! डेमोत प्रत्येक सुराबरोबर तो किती जोरात वाजवायचा हेही लिहून ठेवलेलं असतं. म्हणजे त्या वाद्यात जी नजाकत आहे ती तुमच्या बोटांना कधीही मिळणार नाही, फक्त डेमोला मिळते. वर आणखी, यंत्र एका वेळी बत्तीस नाहीतर अठ्ठेचाळीस सूर काढू शकतं आणि माणसाला बोटं दहा. “बाकीचे सूर कोणी वाजवायचे?” पंत विचारतात. “आपण पैसे सगळ्यांचे भरलेत.”

याला उत्तर असेल तर मला सांगा.

पंत डेमोंची घराणी मानतात. कॅसिओचं पहिलं घरगुती वाद्य, कॅसिओटोन २०१, १९८० साली बाजारात आलं. पण पंतांच्या लेखी परंपरेला खरी सुरुवात होते ती व्हीएल-१ पासून. निम्मा कॅल्क्युलेटर आणि निम्मं वाद्य असं ते चिमुकलं यंत्र. त्यात डेमो म्हणून एक जर्मन लोकगीत होतं, आणि ते वाजवून झालं की त्याच यंत्रावर दुधाचा हिशेब करता यायचा. पंतांच्या मते यापुढे वाद्यशास्त्राने फारशी प्रगती केलेली नाही. मग १९८६ च्या सुमाराचा एसके-१. त्यात आपला आवाज भरून तो पट्ट्यांवर वाजवता यायचा. सगळं जग त्यात कुत्र्यांचं भुंकणं आणि ढेकरा भरत होतं, तेव्हा डेमोचं बटण दाबणाऱ्यांना त्यात ‘टॉय सिंफनी’ सापडली. आणि पुढे एसए मालिका. बोटभर पट्ट्यांचे ते कीबोर्ड दुबईहून येणाऱ्या मामांच्या बॅगांतून घरोघर पोचले. त्यांच्या डेमोत ‘व्हॅम’चं १९८४ चं गाजलेलं ‘वेक मी अप बिफोर यू गो-गो’ असायचं. ज्या घरांत ‘व्हॅम’वाल्या जॉर्ज मायकेलचं नावही कोणी ऐकलं नव्हतं, तिथे त्याची चाल शुभंकरोतीनंतर वाजायची. आज्यांना ती पाठ होती. कीबोर्डचंच गाणं म्हणून.

बाकी भरणा बेथोव्हेन, मोझार्ट आणि जुन्या लोकगीतांचा. त्याचं कारण उघड आहे. बेथोव्हेन १८२७ साली गेला, त्याला मानधन द्यावं लागत नाही. पंतांना यात कंपनीची काटकसर दिसते आणि ती त्यांना मनापासून आवडते. मला नाही आवडत. ‘फ्यूर एलिझ’ला खाली डिस्कोचा ठेका लावलेला ऐकला की तो माणूस बहिरा झाला ते एका परीने बरंच झालं असं वाटतं. हे मी पंतांसमोर एकदाच बोललो. त्यानंतर पोह्यांवर खोबरं येईना.

बाजारात खास आपल्या देशासाठी काढलेले कीबोर्ड आले, यामाहाचा पीएसआर-आय४५५, कॅसिओचा सीटीके-८६०आयएन, तेव्हा पंत धोबी तलावाच्या वाद्यांच्या दुकानांत जाऊन आले. तबला, ढोलक, तानपुरा सगळं आत. काउंटरवरच्या पोराने त्यांना ओळखलं आणि काही न विचारता बाजूला सरकला. पंतांनी दोन्हींचे डेमो एकदा उभ्याने आणि एकदा पाच पावलं मागे जाऊन ऐकले. निकाल घरी येऊन दिला: ठेका चोख, पण बायाँ घुमत नाही. तिथे कोणी तरी त्यांना इलेक्ट्रॉनिक तानपुराही दाखवला होता. बंगळुरूच्या जी. राज नारायण यांनी १९७९ साली काढलेल्या त्या यंत्रावर आज निम्म्या महाराष्ट्राचा रियाज चालतो. पंतांना तो पसंत पडला नाही. “याला डेमो नाही,” ते म्हणाले. “किंवा मग आहे तो सगळा डेमोच. चालू केला की संपतच नाही.”

त्यांना मनापासून भावलेलं वाद्य वेगळंच. ऑर्केस्ट्रात कीबोर्ड धरणाऱ्या एका ओळखीच्या मुलाकडे त्यांनी यामाहाचा क्यूवाय-१० पाहिला. १९९० सालचं, व्हिडिओ कॅसेटएवढं यंत्र. प्रवासात गाणं बांधता यावं म्हणून काढलेलं. पंतांनी हेडफोन लावून तो ऐकला आणि डोळे मिटून म्हणाले, “पट्ट्या म्हणून नुसती रबराची बटणं दिलीत. वाजवायचा मोहच होत नाही. आदर्श वाद्य!”

त्याच मुलाने त्यांना हिरोको ओकुदाची गोष्ट सांगितली. कॉलेजातून नुकतीच कॅसिओत लागलेली ही मुलगी. एमटी-४० नावाच्या कीबोर्डसाठी तिने ‘रॉक’ नावाचा एक ठेका बांधला. तो १९८५ साली जमैकात वेन स्मिथच्या ‘अंडर मी स्लेंग टेंग’खाली वाजला आणि तिथल्या संगीताने कूसच बदलली. म्हणजे कोणी तरी बटण दाबलं, दाबून ठेवलं आणि वर गायला. पंत ही गोष्ट आता प्रत्येक पाहुण्याला सांगतात. जमैका कुठे आहे ते त्यांना ठाऊक नाही, पण आपली माणसं तिथेही आहेत, याचा त्यांना आधार वाटतो.

गणपतीत मात्र घोटाळा झाला. सोसायटीच्या विविध गुणदर्शनात सेक्रेटरींनी परस्पर ‘कीबोर्डवादन’ म्हणून पंतांचं नाव घातलं. घरात कीबोर्ड आहे म्हणजे येत असणार, असा सरळ हिशेब. पंतांनी नाही म्हटलं नाही. सिल्कचा झब्बा घालून आले, बसले, देवाला नमस्कार केला, अंगठ्याने बटण दाबलं आणि बोटं पट्ट्यांवर अशी फिरवू लागले की मागच्या रांगांना शंका येऊ नये. पुढच्या रांगेत पोरं होती. ट्रंपेट ऐन भरात असताना पंतांनी दोन्ही हातांनी चष्मा सारखा केला, तेव्हा त्यांच्यात कुजबुज झाली. ती आयांनी दाबली. शेवटचा सूर थांबला. टाळ्या पडल्या. पंत उठले, हात जोडून वाकले, आणि त्यांच्या मागे कीबोर्डने आपणहून पुढचं गाणं सुरू केलं. डेमोचा स्वभावच तो. एक संपलं की दुसरं, सगळी संपली की पुन्हा पहिलं.

मंडप गार. दुसरा कोणी असता तर पडद्यामागे पळाला असता. पंतांनी माइक घेतला आणि म्हणाले, “हे जे आता चालू आहे ना, ते आधीच्यापेक्षा सरस आहे. बासकडे लक्ष द्या.”

आणि सांगायचं म्हणजे लोकांनी दिलं! पंत आता माइकवरून सांगत होते, आता बासरी येईल, आता सगळं थांबून एकटा ड्रम वाजेल, आणि तसं होताच मंडप टाळ्या पिटत होता. सेक्रेटरींनी शेवटी आरतीची वेळ झाली म्हणून आवरतं घ्यायला लावलं. त्यानंतर कार्यक्रमपत्रिकेत पंतांच्या नावापुढे ‘कीबोर्ड-निरूपण’ असं छापतात.

गेल्या दिवाळीत मुलगा परदेशातून आला. बाबांना गाण्याची एवढी आवड, म्हणून येताना महागातला मिडी कीबोर्ड घेऊन आला. देखणा, वजनाला हलका, पट्ट्या अशा की नुसता श्वास लागला तरी जोर ओळखतील. पंतांनी चष्मा लावून तो पुढून पाहिला, मागून पाहिला, उलटा करून पाहिला.

“डेमो कुठाय?”

“याला डेमो नसतो बाबा.”

“बरं. स्पीकर?”

“स्पीकरही नसतो. याला स्वतःचा आवाजच नाही. लॅपटॉपला जोडायचा आणि वाजवायचा.”

“वाजवायचा म्हणजे, कोणी?”

“तुम्ही.”

पंतांनी तो पुन्हा खोक्यात घातला, थर्माकोल होता तसा नीट बसवला आणि मुलाच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, “बिल ठेवलंयस ना रे?”