काचेआडची भट्टी

झाशीत उभं राहून दगड भिरकावला तर तो मध्य प्रदेशात पडण्याची शक्यता मोठी. उत्तर प्रदेशाने इथे शेजाऱ्याच्या अंगणात पाय पसरलेत. ओरछा वीस किलोमीटरच्या आत, दतिया तिसाच्या आसपास, आणि दोन्ही परराज्यात. त्यात १ एप्रिल २०२५ पासून मध्य प्रदेश सरकारने १९ धार्मिक ठिकाणची दारूची दुकानं बंद केली. ओरछा आणि दतिया दोन्ही त्या यादीत आहेत. ओरछ्याचं समजू शकतो. तिथे राम नुसता देव नाही, राजा आहे; पोलीस त्याला रोज सलामी देतात. राजाच्या दारात ठेका शोभत नाही. पण तहान सरकारी आदेशाने मिटत नाही, ती टेम्पोत बसते आणि झाशीला उतरते. पुण्य मध्य प्रदेशाकडे, महसूल उत्तर प्रदेशाकडे, अशी ही सोयीची वाटणी.

आमचे काका झाशीचे. नेवाळकरांच्या सुभेदारीमागून जी मराठी घरं बुंदेलखंडात गेली आणि तिथलीच झाली, त्यातलं एक. नोकरी रेल्वेच्या वर्कशॉपात, मराठी अशी की बोलता बोलता ‘काय को’ येतं. पिण्याबद्दल त्यांची मतं ठाम आहेत. दुकानावर ‘ठंडी बियर’ लिहिलेलं असलं की झालं. बाटली कधी भरली हा प्रश्न ते बाटलीला विचारत नाहीत. मे महिन्यात झाशीत पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा कुणीच विचारत नाही.

असे काका पुण्यात आले आणि घरच्या तरुण मंडळींनी त्यांना ‘ताजी बियर’ पाजायचं ठरवलं. पुणं या बाबतीत जुनं खोड. २००९ मध्ये इथे ‘डूलाली’ सुरू झालं आणि महाराष्ट्रात जिथे बनवायची तिथेच प्यायची ही सोय आली. नाव घेतलं देवळालीवरून. तिथल्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत बसलेले गोरे शिपाई रिकामपणाने सैरभैर व्हायचे. आता त्याच नावाखाली शनिवारी टेबलाची वाट बघत आयटीवाले सैरभैर होतात. आम्ही काकांना नेलं ते ठिकाण वेगळं; नाव सांगत नाही, सगळी सारखीच असतात.

आत शिरताच काका थबकले. समोर मोठी काच, काचेआड चकचकीत स्टीलच्या टाक्या, नळ्या, घड्याळासारखे मीटर.

“काय रे, डेअरी आहे का?”

“नाही काका, इथेच बियर बनते.”

“इथेच? हॉटेलात? आणि पोलीस?”

पोलिसांचा प्रश्न त्यांनी हळू आवाजात विचारला. अनुभवाचा आवाज होता तो.

मग लाकडी फळीवर छोटे छोटे ग्लास आले, चव बघायला. ही पद्धत मला आवडते. घोटाघोटाने माणूस तज्ज्ञ होतो. पहिला ग्लास गव्हाच्या जर्मन बियरचा, हेफेवायझेन. वेटर मुलगा पाठांतर म्हणत होता, “सर, यात केळ्याचा आणि लवंगेचा स्वाद जाणवेल.” काकांनी घोट घेतला, डोळे मिटले, उघडले. “केळं तर आहे. किती घातलं?” एकही नाही, असं मुलाने सांगितलं. त्यात तो खोटं बोलला नाही. केळ्याचा वास आणि लवंगेचा झटका दोन्ही त्या जातीचं यीस्ट आंबवताना स्वतःच तयार करतं. काकांचा विश्वास बसला नाही. रंग गढूळ का, तर गाळलेली नाही. पाश्चराइज केलेली नाही, म्हणून फार दिवस टिकत नाही. बाटलीतली सहा महिने टिकते, कारण तिच्यातलं यीस्ट गाळून आणि तापवून शांत केलेलं असतं. इथपर्यंत ताजेपणाचा मुद्दा खरा आहे आणि जिभेला कळतो. गव्हाची बियर तर ताजीच प्यावी.

पुढे मात्र मुलाने छाती फुगवून सांगितलं, “सर, हे सगळं एकदम लोकल आहे!” माल्ट कुठलं? जर्मनीचं. हॉप्स? अमेरिकेचे. यीस्ट? युरोपातल्या पाकिटातलं. लोकल होतं ते पाणी आणि पार्किंगवाला. खाण्यातही तेच. नाचोज, पेरी पेरी फ्राइज, आणि ‘वडापाव स्लायडर’ नावाचा एक प्रकार, ज्यात वडा आणि पाव दोघांनाही आपण कुठे आलो ते कळत नव्हतं. झाशीकडे गकरिया आणि वांग्याचं भरीत खाऊन मोठा झालेला माणूस चखन्याचे एवढे पैसे का द्यायचे, हे विचारतच राहिला. न्याय म्हणून सांगतो, कोकम घालून केलेली बियर पुण्यात निघाली आहे, ज्वारी-नाचणीचे प्रयोगही होतात. तेवढं सोडलं तर ‘लोकल’ म्हणजे टाकी लोकल.

बिलाबरोबर परवान्याची गोष्ट निघाली. महाराष्ट्रात दारू प्यायला परवाना लागतो हे काकांना ठाऊक नव्हतं. एका दिवसाचा पाच रुपयांत, आयुष्यभराचा हजारात. कायदा १९४९ चा, मुंबई दारूबंदीचा, आणि त्यात आरोग्यासाठीच्या परवान्याची स्वतंत्र तरतूद आहे. काका खूश झाले. पाच रुपयांत एवढा स्वस्त वैद्य त्यांनी पाहिला नव्हता.

घरी येताना गाडीत ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “अरे, आमच्याकडे महुआ उतरवतात. फुलं भिजवायची, आंबवायची, हंडीवर चढवायची. ते केलं तर पोलीस येतो. इथे तेच केलं तर वेटर येतो.”

तेच नाही, हे मी त्यांना सांगितलं. बियर नुसती आंबवतात, मोहाची दारू आंबवून वर ऊर्ध्वपातन करतात. ती जास्त कडक आणि चूक झाली तर जास्त धोक्याची. काका म्हणाले, “बरं. मग व्हिस्की काय भजन करून बनते?”

इथे मी गाडीच्या बाहेर बघायला लागलो.

मोहाची बदनामी जुनी आहे. मुंबई इलाख्यात साहेबाने १८९२ मध्ये खास ‘म्हौरा कायदा’ केला. दारू नव्हे, नुसती फुलं जवळ बाळगण्यावरच बंधन. आदिवासी मुलं ती फुलं भाजून खातात, बायका वाळवून घरात साठवतात, हे साहेबाच्या हिशेबात नव्हतं. हिशेबात होता अबकारीचा पैसा. महाराष्ट्राने मोहफुलं गोळा करायची, साठवायची आणि वाहून न्यायची बंधनं उठवली ती २०२१ मध्ये. मधे १२९ वर्षं गेली, साहेब त्याआधीच घरी पोचला होता.

मध्य प्रदेश यात पुढे निघाला. २०२२ मध्ये त्याने मोहाच्या दारूला ‘हेरिटेज’ दर्जा दिला, अलिराजपूरकडे आदिवासी गटांनी ती बाटलीत भरली. म्हणजे एकच राज्य एका हाताने दारूला वारसा ठरवतं आणि दुसऱ्या हाताने ओरछ्याला शटर ओढतं. हरकत नाही, सरकारला हात अनेक असतात. पण झाशीच्या बाजूला तेच झाड, तीच फुलं, आणि हंडी मात्र गुन्ह्याची. सीमेचा हा खेळ माणसांनाही चुकलेला नाही. मोहावर जगणारे सहारिया आदिवासी उत्तर प्रदेशात फक्त ललितपूर जिल्ह्यापुरते अनुसूचित जमातीत मोडतात. आणि ललितपूर १९७४ पर्यंत झाशी जिल्ह्यातच होतं. जिल्ह्याच्या रेघेअलीकडची, झाशीकडची माणसं मात्र त्या यादीत नाहीत.

कुणी लगेच मालवणी काढेल. काढावंच. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसं मेली. ती मेली मिथेनॉलने, कारखान्याच्या रसायनाने, आणि ते मोहाच्या झाडाला लागत नाही. म्हणूनच तपासणी हवी. पुण्यातल्या टाकीला परवाना मिळतो, निरीक्षक मिळतो, शुल्क भरण्याची रीत मिळते, त्यामुळे तिथे निर्धास्त पिता येतं. झाडाआडच्या हंडीला यातलं काहीच मिळत नाही, फक्त छापा मिळतो. मग ती आणखी आत, आणखी अंधारात जाते आणि तिच्यात काय मिसळलं हे कुणाला कळत नाही. दर्जा दारूचा बघायचा की भांड्याचा, एवढं एकदा ठरवा. स्टील काचेआड ठेवलं की क्राफ्ट, हंडी झाडाआड ठेवली की हातभट्टी, ही वर्गवारी खात्याची नाही, इंटिरियर डेकोरेटरची आहे.

उद्या झाशीच्या किल्ल्याखाली अशीच एखादी काच चमकली तर मी नाक मुरडणार नाही. गव्हाची बियर तिथेही उतरेल, बुंदेलखंडाचा गहू तर नावाजलेलाच आहे. मेनूत एक ओळ मोहाची असावी, रीतसर, तपासलेली, फुलं वेचणाऱ्या बाईला रोख भाव देऊन घेतलेली, एवढंच मागणं.

उत्तर प्रदेशाचं अबकारी धोरण १ एप्रिलला बदलतं आणि मोहाची फुलंही मार्च-एप्रिलमध्येच पडतात. तेव्हा अबकारीवाल्या साहेबांनी यंदा धोरण लिहिण्याआधी एकदा झाडाखाली जाऊन यावं. मात्र जरा लवकर निघा साहेब, फुलं पहाटे पडतात. कचेरीच्या वेळेला पोचलात तर गुरांनी संपवलेली असतील.