काम चालू आहे

आमच्या तालुक्याची एक गंमत आहे. नाव शाहूवाडी, तहसीलदार शाहूवाडीत, नगरपरिषद मात्र मलकापुरात आणि बाजारहाटाची झुंबड बांबवड्यात. नवीन बदली होऊन आलेला माणूस पहिला महिनाभर एसटीतच असतो. जी वस्तू जिथं असेल असं वाटतं तिथं ती नसायचीच, हा जिथल्या मातीचा गुण, तिथं अण्णा जन्मले यात नवल नाही. त्यांच्या सोप्यातला दिवाण गेल्या बारा वर्षांत चारी भिंतींना दोन-दोनदा लागून आलाय. रात्री वीज गेली की घरातली म्हातारी अंथरुणातूनच विचारते, “आरं, दार आज कुठल्या अंगाला हाय?”

अण्णा गावातल्या दूध संस्थेचे सचिव. सकाळ-संध्याकाळ दूध मोजायचं, फॅट काढायची, पावत्या फाडायच्या. मधला सगळा दिवस घराचा. ‘इंटिरिअर’ हा शब्द ते ‘इंटेरियल’ असा उच्चारतात आणि उच्चारताना आवाज जरा खाली आणतात, देवाचं नाव घेतल्यासारखा. डोळा मात्र फॅट बघून तयार झालेला. भिंतीवरची तसबीर गव्हाभर कलली तरी त्यांना जेवण जात नाही. दुसऱ्याच्या घरी वास्तुशांतीला गेले तर सत्यनारायणाला हात जोडतात आणि मान वर करून छत बघतात. एकदा संस्थेच्या खोलीलाही त्यांनी हात घातला. पांढऱ्या भिंती काढून एक गुलाबीसर छटा दिली. दुसऱ्याच दिवशी म्हशीचं दूध गाईचं दिसायला लागलं. सर्वसाधारण सभेत एरवी डिबेंचर आणि रिबेट यावर भांडणारी माणसं त्या वर्षी भिंतीवर भांडली आणि चुन्याचा ठराव एकमतानं मंजूर झाला. विरोधात अण्णांचं एकट्याचं मत पडलं असतं, पण सचिवाला मत नसतं.

त्यांचं घर आजोबांनी बांधलेलं, जांभ्याचं. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, हत्यारानं त्याचे चिरे कापता येतात. वारा-ऊन लागलं की टणक होत जातो. फ्रान्सिस बुकानन नावाच्या स्कॉटिश डॉक्टरनं १८०७ साली केरळातल्या अशाच दगडाबद्दल लिहिलं आणि विटेच्या लॅटिन शब्दावरून त्याला ‘लॅटराइट’ म्हटलं. मला हे ठाऊक, कारण मी भूगोलाचा मास्तर. अण्णांना ते ठाऊक असायचं कारण नाही. ते त्या दगडात राहतात.

लग्नानंतरच्या पहिल्या हौसेत त्यांना ती भिंत खेडवळ वाटली. म्हणून प्लास्टर. प्लास्टरवर पुट्टी, पुट्टीवर आभाळी रंग. पाच-सहा वर्षांनी कोल्हापुरात एका हॉटेलात जेवायला गेले, तर तिथं उघड्या जांभ्याची भिंत, वरून पिवळे दिवे सोडलेले, आणि माणसं तिच्यापुढं उभी राहून फोटो काढतायत. अण्णांनी तांबडा-पांढरा तसाच ठेवला आणि भिंतीला हात लावून बघितला. तोच दगड! घरी येऊन प्लास्टर फोडायला छिन्नी घेतली, तर वैनी आडव्या आल्या. “आत्तींना दमा हाय. फोडायचं आसंल तर आदी माझ्या माहेरची गाडी बघा.” मग तोड निघाली. वॉलपेपर. एका गुंडाळीत ५७ चौरस फूट कागद येतो. तीन गुंडाळ्या आणल्या. त्यावर चित्र कसलं? जांभ्याच्या चिऱ्यांचं. तर आता त्या भिंतीचा बाहेरून आत असा क्रम लागतो: जांभा, प्लास्टर, पुट्टी, आभाळी रंग, खळ, जांभा.

आषाढ लागला. आमच्याकडचा पाऊस म्हणजे वरून पडतो तेवढाच नसतो, तो खालून चढतो आणि आडवाही घुसतो. कागदी जांभ्याला फोड आले. म्हातारी दुपारी वेळ जाईना की एकेक फोड बोटानं दाबत बसे. “दगडाला गळू झाल्यालं ह्या जल्मात बघाय मिळालं,” म्हणे.

कोनाड्यांची कथा याच भिंतीची धाकटी बहीण. आजोबांनी सोप्यात चार कोनाडे ठेवले होते. एकात कंदील, एकात पंचांग, एकात तांब्या आणि चौथ्यात म्हातारीची मिसरीची डबी. अण्णांनी पहिल्या फेरीत ते विटा घालून बुजवले, कारण भिंत ‘प्लेन’ हवी. मग मोबाइलवर कुठंतरी ‘निश’ दिसलं. म्हणजे भिंतीत खोल चौकोन, आत दिवा. गवंड्याला बोलावलं, जागा खडूनं आखून दिली. त्यानं दोन घाव घातले आणि हसायला लागला. “अण्णा, हे बुजिवलं माज्या बानं, आन् फोडतोय मी. माजं पोरगं आता धावीला हाय. त्येच्यासाठनं बी कायतरी शिल्लक ठेवा.” चारी निश तयार झाली. त्यांत दिवा लावायचा नाही, तांब्या ठेवायचा नाही. नुसती एक पांढरी बरणी ठेवायची आणि तिच्यात काही घालायचं नाही, असा नियम. आठवड्याच्या आत चौथ्या बरणीमागं मिसरीची डबी परत आली.

प्लायवूडबद्दल अण्णांना रात्री झोपेतून उठवून विचारा. ८ बाय ४ चा तक्ता, १८ एमएम, मरीनवर आयएस ७१०, साध्यावर आयएस ३०३. दोन्हींचे दरही पाठ, आणि घोटाळा तिथंच होतो. बोलतात ७१० आणि आणतात ३०३. एका मे महिन्यात वाघबिळाचा चढ चढून टेम्पोभर तक्ते आले, सुतार बसला, भिंतभर कपाट झालं. जुलैमध्ये त्याचं दार असं फुगलं की उघडेना. आत वैनींच्या साड्या होत्या ते एक वेळ चाललं असतं. पण सुरक्षित जागा म्हणून संस्थेचं दप्तरही अण्णांनी आतच ठेवलेलं. ऑडिटर आले, चहा झाला, कपाटाचं कौतुक झालं, मग दोघांनी मिळून दार ओढलं, मूठ हातात आली. “पाऊस उघडला की या,” असं अण्णांनी हिशेब तपासनिसाला सांगितलं. दार दसऱ्याला आपसूक उघडलं. साड्यांवर बुरशीची नक्षी होती. तीही अण्णांना बरी वाटली, पण वैनींपुढं बोलले नाहीत.

रेंजचा मुद्दा राहिलाच. आमच्याकडे मोबाइलची रेंज डोंगराच्या मर्जीनं चालते. अण्णा पाण्याच्या टाकीवर चढून नमुने बघतात. एकदा टीव्हीच्या कपाटाचा फोटो वरून निम्मा उघडला आणि रेंज गेली. सुतार रोजावर खोळंबलेला. त्यानं निम्म्याचंच काम केलं. ते कपाट अजून जमिनीपासून चार फुटांवर लटकतंय, आणि बघायला येणारे विचारतात, हे डिझाइन कुठलं? अण्णा म्हणतात, “फ्लोटिंग.”

पीओपीच्या छतावर मी जास्त बोलत नाही, कारण ते पडलं तेव्हा मी खाली होतो. बासेल मिशननं १८६५ मध्ये मंगलोरात कौलांचा कारखाना काढला तेव्हापासून ही कौलं निमूटपणे एकच काम करत आलीत. अण्णांनी त्यांच्याखाली पांढरं छत टांगून त्यांचा अपमान केला. मधल्या पोकळीत मांजर व्यालं. पाहुणे बसले की वरून चार कोपऱ्यांतून म्याव ऐकू येई. मग वानरांनी कौलं सरकवली, पाणी आत आलं. छतावरचा डाग आधी श्रीलंकेएवढा होता, गौरी-गणपतीपर्यंत ऑस्ट्रेलिया झाला आणि अनंत चतुर्दशीच्या दिवशी त्याचंही विसर्जन झालं. पिल्लं सुखरूप आहेत. एक माझ्याकडे असतं.

यानंतर अण्णा बदलले. म्हणजे हौस तीच, दिशा फिरली. आता ‘गावरान’. शहरातल्यासारखं करायचं सोडून शहरातली माणसं गावासारखं जे करतात तसं करायचं. घोंगडं जमिनीवरून भिंतीवर गेलं. बैलांचं जू आडवं टांगून त्याला टोप्या अडकवल्या. गुऱ्हाळातली जुनी काहील बैठकीत टेबल म्हणून आणायची ठरली. ती दारातून आत जाईना, म्हणून चौकट काढली. काहील आत गेली तेव्हा माणसांना बसायला जागा उरली नाही. जून २०२५ मध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडाच्या चपला कोल्हापुरीसारख्या निघाल्या आणि गदारोळ झाला. त्या आठवड्यात अण्णांनी आजोबांचं पायताण काचेच्या फ्रेममध्ये बसवून सोप्याच्या दारावर लावलं. गावाला वाटलं, घराला नजर लागू नये म्हणून बांधलंय. लोक म्हणाले, चला, उशिरा का होईना सुचलं.

आणि ते डालगं. कोंबड्या झाकायचं बांबूचं डालगं अण्णांनी दुपारी गुपचूप उचललं, धुतलं, उलटं टांगलं आणि आत पिवळा दिवा सोडला. मी स्वतः बघितलंय, खोटं कशाला बोलू: सुरेख दिसत होतं. भिंतींवर, छतावर, वैनींच्या तोंडावरसुद्धा बांबूच्या विणीची जाळी पडली होती. अण्णा हाताची घडी घालून खाली उभे होते. आयुष्यात पहिल्यांदा जे मनात होतं तेच समोर उमटलं होतं. एवढ्यात परड्यातून हाक आली.

“आरं, माजं डालगं कुटं गेलं? दिवस मावळाय लागला की!”

कुणी बोलेना. म्हातारी हातात काठी घेऊन आत आली, मागोमाग सात कोंबड्या. माणसांपेक्षा त्यांची नजर पक्की. सातही जणी दिव्याखाली गोळा झाल्या आणि माना वाकड्या करून वर बघत बसल्या. म्हातारीनंही वर बघितलं. बराच वेळ बघितलं. मला वाटलं, आता काठी चालणार. ती म्हणाली, “झाक हाय. आता ह्यास्नी तुज्या कपाटात कोंड.” त्या रात्री कोंबड्या आयएस ३०३ च्या कपाटात झोपल्या.

अण्णांच्या नशिबात कौतुक नाही असं नव्हे. मागच्या श्रावणात आंबा घाटाकडे निघालेली पुण्याची चार माणसं पावसात अडकून त्यांच्या दारात थांबली. आत येताच “वा, होमस्टे आहे का?” असं त्यांतल्या एकानं विचारलं. अण्णांचा चेहरा तेव्हा बघायला हवा होता! त्यांनी एकेक वस्तू हात लावून दाखवली, दिवे लावले, विझवले, परत लावले. पाहुण्यांनी मान डोलवली. मग भाकरीचा वास आला तशी ती चौघं उठून स्वयंपाकघरात गेली आणि चुलीपुढं पाटावर बसली ती उठेचनात. पिठलं-भाकरी खाल्ली, ठेचा खाल्ला, आणि मोबाइल काढून फोटो घेतले ते चुलीमागच्या भिंतीचे. धुरानं काळी, मधेच तांबूस, कडेला मऊ चमक असलेली भिंत. घरातली तेवढी एकच भिंत अण्णांनी कधी हाताळली नव्हती, कारण वैनी हाताळू देत नाहीत. पाहुणे निघताना पैसे विचारू लागले. म्हातारी म्हणाली, “पोरास्नी जेवायला घातल्याचं पैसं घ्यायला आमी काय खानावळ घातलिया?”

अण्णा गप्प होते. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध मोजून झाल्यावर त्यांनी रंगाऱ्याला बोलावलं, चुलीपुढं उभं केलं आणि हीच छटा सोप्याच्या भिंतीला हवी म्हणून सांगितलं. रंगाऱ्यानं बोट फिरवलं, काजळी बघितली, शेड कार्ड मिटलं. “अण्णा, ही शेड डब्यात येत न्हाई. ह्येला चाळीस वर्सं भाकरी थापाय लागत्यात.”

आता माझ्याबद्दल थोडं. अण्णांच्या घरातून जे बाद होतं ते शेजारी म्हणून माझ्याकडे येतं. “मास्तर, तुमच्याकडे ऱ्हाऊ दे, फेकवत न्हाई,” म्हणून ठेवून जातात. अशा वेताच्या चार खुर्च्या आल्या, एक लांबडा आरसा आला, पितळी मुठींची पेटी आली. मला त्यातलं काही कळत नाही. जिथं जागा होती तिथं ठेवलं आणि विसरलो. परवा अण्णा वर्गणीच्या निमित्तानं आले, दारातच थबकले आणि खोलीभर नजर फिरवून हलक्या आवाजात म्हणाले, “मास्तर, एवढं जुळवून कुणाकडनं करून घेतलं?”

मी म्हणालो, “अण्णा, हे तुमचंच की.”

त्यांनी खिशातून टेप काढला. मापं घेतली. काल टेम्पो आला आणि आरसा, पेटी आणि तीन खुर्च्या घेऊन गेला. चौथी मी आदल्या रात्रीच माळ्यावर टाकली होती. अण्णा ती शोधतायत. भेटलेच तर बोलू नका.