आठ जीबीचे कॅप्टन

रोज रात्री नवाच्या सुमारास आमच्या गल्लीतून एक एअरबस उडते. म्हणजे लाइट असली तर. चालवणारे गृहस्थ दिवसा कृषी सेवा केंद्रात सोयाबीनचं बी आणि फवारणीची औषधं विकतात, आणि जेवण झालं की माडीवरच्या खोलीत एकशे ऐंशी प्रवासी घेऊन बसतात. गल्ली त्यांना कॅप्टन म्हणते. आधी टिंगल म्हणून म्हणायची. आता खरं नाव पतसंस्थेच्या पासबुकावर तेवढं उरलंय.

हा प्राणी एकट्या आमच्या निलंग्यात सापडतो असं नाही. तालुक्याच्या प्रत्येक गावी एखादा असतोच. ओळखायची खूण सोपी आहे: त्याला विमानाबद्दल विचारा, तो संगणकातल्या ग्राफिक्स कार्डाबद्दल बोलायला लागतो. कॅप्टनच्या पुतणीला बघायला पाहुणे आले होते. मुलगा पुण्याला, पगार चांगला, सगळं जुळत आलेलं. तेवढ्यात कॅप्टननी मुलाच्या बापाला विचारलं, "कार्ड कोणतं आहे?" तो बिचारा म्हणाला, "आधी पिवळं होतं, आता केशरी झालंय."

सोयरीक झाली, पण कॅप्टनना उत्तर मिळालं नाही.

त्यांचं सगळं दुखणं या कार्डावरच्या मेमरीचं. मला त्यांनी ते मोंढ्याच्या हिशेबानं समजावलं, आणि आडत्याचा मुलगा असल्यानं मला ते पटलंही. कार्डावरची मेमरी म्हणजे आडतीपुढचा ओटा. माल ओट्यावर पडला तरच सौदा. संगणकाची रॅम म्हणजे मागचं गोदाम. आता माल कोणता, तर चित्रांचे तुकडे: धावपट्टीचं डांबर, घरांची छपरं, ढग, कॉकपिटमधलं एकेक बटण. चार हजार ठिपके लांब आणि तितकाच रुंद असा एक तुकडा न दाबता ठेवला, तर एकटाच ६४ एमबी जागा अडवतो. ओटा भरला की पोती गोदामात जातात, आणि मग लागेल तसं एकेक पोतं हमालानं बोळातून आणायचं. कॅप्टनच्या कार्डात आतल्या आत सेकंदाला ४४८ जीबी माल हलतो. बोळातून सगळं नीट असलं तरी बत्तीस. मग विमान गचके खातं, धावपट्टी शेणानं सारवल्यासारखी दिसते, आणि फारच झालं तर विमान, प्रवासी, आकाश सगळं गडप होऊन पडद्यावर बालाजीचा फोटो येतो. तो कॅप्टनचा वॉलपेपर.

ओटा केवढा हवा? मायक्रोसॉफ्टनं २०२४ च्या आपल्या सिम्युलेटरला कमीत कमी ४ जीबी सांगितले, बरं चालायला ८ आणि झोकात चालायला १२. कॅप्टनकडे आठ. तेही स्वतःच्या हौसेनं. दुकानात दोन कार्डं होती, ३०६० आणि ३०६० टीआय. नावापुढं शेपूट आहे म्हणजे माल भारी, असं धरून त्यांनी टीआय उचललं. ते ताकदीला भारी आहेच, पण त्याला मेमरी आठ, आणि बिनशेपटीच्या धाकट्याला बारा! पन्नास हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर घेऊन मागं बैलगाडी जोडावी, तसं झालं. हे कळलं त्या रात्री ते जेवले नाहीत, असं वहिनी सांगतात. वहिनींचा हिशेब वेगळा आहे. "एकशे ऐंशी माणसं नेता, अन् एकाचं तिकीट घरात येत नाही," असं त्या दर महिन्याला वीजबिल हातात धरून म्हणतात.

उपाय आहे. चित्रांची प्रत 'अल्ट्रा'वरून 'मीडियम'वर आणली की ओटा बराच मोकळा होतो. पण अल्ट्रावरून उतरणं म्हणजे सरपंचानं पुन्हा सदस्य म्हणून बसणं. कॅप्टन उतरत नाहीत. त्यापेक्षा पडद्याच्या कोपऱ्यातल्या मेमरीच्या आकड्यावर नजर ठेवून उडतात. सात पूर्णांक दोन, सात पूर्णांक सहा. खाली अरबी समुद्र आहे की हिमालय, याकडे लक्ष द्यायला त्यांना सवडच होत नाही.

विमानविद्येत मात्र निलंग्याला कुणी कमी लेखू नये. २५ मे २०१७ ला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीसांचं हेलिकॉप्टर इथूनच उडालं आणि लगेच तारांत अडकून खाली आलं. सगळे सुखरूप निघाले. त्या दिवसापासून गावातला प्रत्येक पानटपरीवाला या विषयातला जाणकार आहे. गरम हवा विरळ असते, पंख्याला धरायला काही सापडत नाही, हे कॅप्टन तेव्हापासून चहाबरोबर सांगत आलेत. दुसरं ते सांगतात ते लातूरच्या विमानतळाचं सांकेतिक नाव, व्ही-ओ-एल-टी. व्होल्ट! जिथं संध्याकाळी नेमका तोच पडतो.

आता खरी गंमत. हीथ्रोवर उतरताना कॅप्टनच्या पडद्यावर सेकंदाला अकरा चित्रं येतात. मुंबईवर पंधरा-सोळा. आणि निलंग्यावर? साठ! लोण्यात सुरी. कारण लंडनच्या प्रत्येक इमारतीला खिडक्या, गच्च्या, जिने आहेत, आणि निलंगा म्हणजे उपग्रहाच्या फोटोवर यंत्रानं अंदाजानं ठेवलेली घरं. आमच्या नीलकंठेश्वराच्या देवळाचं त्या यंत्रानं चपट्या छताचं गोदाम केलंय. तीन गाभारे, भिंतीवरची शिल्पं, सगळं माफ. मराठवाड्याच्या अनुशेषावर आजवर किती भाषणं झाली असतील, पण त्याचा रोख फायदा मिळालेला मला माहीत असलेला हा एकच माणूस. "आपल्या भागासारखी स्मूथ फ्लाइट कुठं नाही," असं ते छाती काढून सांगतात. मी बरं म्हणतो.

परवा त्यांच्या आईनं हट्ट धरला. तिचं माहेर औराद शहाजानीकडचं. गुडघे गेल्यापासून तिकडं जाणं नाही. "रोज कुठं कुठं जातोस, मला एकदा माहेरला ने," म्हणाली. कॅप्टन हलले. आईसाठी म्हणून होतं नव्हतं ते सगळं अल्ट्रावर नेलं. आणि साधेपणानं लातूरहून निघायचं सोडून मुंबईहून निघाले, कारण आईला मोठं विमानतळ दाखवायचं होतं. मुंबईतच ओटा भरला. शेजारच्या दुसऱ्या पडद्यावर पुतण्या कार्टून लावून बसला होता, तेही त्याच ओट्यावरून जागा खातं हे त्याला कोण सांगणार? पाठीमागं म्हातारी जपमाळ घेऊन, कमरेला ओढणीचा पट्टा बांधून बसलेली. तो वहिनींनी बांधला होता.

औराद आलं. आकडा सात पूर्णांक नऊ.

"ही बघ तेरणा, ही मांजरा," कॅप्टन म्हणाले.

"जरा खाली घे की. विहीर दिसंल."

"खाली घेतलं की लोड येतो, आई."

"घे म्हणलं ना."

घेतलं. पडदा एकदा थरथरला आणि दोन नद्यांच्या संगमावर विमान हवेतल्या हवेत थिजलं. कॅप्टननी डोक्याला हात लावला, पुतण्याला एक ठेवून दिली, आणि सगळं बंद करायला बटणाकडे हात नेला.

म्हातारीनं तो हात धरला. चष्मा पदरानं पुसला, खुर्ची पुढं ओढली.

"थांबलंय तर राहू दे तसंच," ती म्हणाली. "मघापासनं नुसतं पळवायलास."